ढोरांचा डॉक्टर

संसारांत ज्या माणसांची खरी गरज लागते त्यांचीं नांवें गृहस्थास ठाऊक असतात, अशी सामान्य समजूत आहे. घरांतील कोणा वडील माणसास विचारावें. सोनार कोण, शिंपी कोण, लग्नाच्या स्वयंपाकाला आचारी कोठून आणावयाचा, हें सारें तो क्षणांत सांगेल. मुलांच्या डॉक्टरांचें नांव तर घरच्या मोलकरणीसही माहीत असतें. परंतु त्याच घराच्या अंगणांत एक कुत्रा बांधलेला असतो, चुलीपाशीं एखादें मांजर निजलेलें असतें आणि गोठ्यांत एक गाय उभी असते. ह्या तिघांपैकीं कोणास रात्रीं दोन वाजतां कांहीं झालें तर कोणाचें दार ठोठावयाचें, हा प्रश्न आम्हीं आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील किती तरी सुशिक्षित कुटुंबांत सहज म्हणून विचारून पाहिला आहे. उत्तर बहुधा एकच मिळतें: 'ढोरांच्या दवाखान्यांत चौकशी करावी लागेल.' तो दवाखाना कधीं बंद होतो, तेथील डॉक्टर कोठें राहतात, आणि कुत्र्यामांजरांचें औषध तेथें असतें कीं नाहीं, हें मात्र कोणासच सांगतां येत नाहीं.

'ढोरांचा डॉक्टर' ह्या शब्दांतच अर्धी उपेक्षा आहे. माणसांच्या डॉक्टरास रोगी आपलें दुखणें स्वतः सांगतो. कित्येकदां तर विचारण्यापूर्वींच सांगतो. ह्या बिचाऱ्या डॉक्टराचा रोगी बोलत नाहीं, प्रसंगीं चावतो, लाथ मारतो, आणि सकाळीं कोंबडी असतो तर दुपारीं म्हैस असतो. इतकें अवघड शास्त्र ज्यानें आत्मसात् केलें, त्याला आम्ही लहान डॉक्टर समजतों, कारण त्याचा रोगी फी देत नाहीं व आभारही मानीत नाहीं.

वास्तविक आमच्या देशांत ही विद्या कालची नव्हे. गिरनारच्या शिलेवर कोरलेल्या अशोकाच्या दुसऱ्या लेखांत मनुष्यांची चिकित्सा व पशूंची चिकित्सा ह्या दोन्ही शेजारीं शेजारीं सांगितल्या आहेत. एक मोठी व दुसरी धाकटी असा भेद तेथें नाहीं. शालिहोत्राच्या नांवावर अश्ववैद्यक आणि पालकाप्याच्या नांवावर हस्त्यायुर्वेद प्रसिद्ध आहे. विराटाच्या घरीं अज्ञातवासांत नकुल घोड्यांची व सहदेव गाईंची चाकरी करतो, ती ह्याच विद्येच्या बळावर. परंतु एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. घोडा व हत्ती हें राजाचें सैन्य, आणि गाय हें गृहस्थाचें धन. ज्याची किंमत अधिक त्याचें शास्त्र आधीं निर्माण झालें. कुत्र्याला स्वर्गाच्या दारापर्यंत सोबत नेणारा धर्मराज आमच्या परिचयाचा आहे. त्याला वैद्याच्या दारापर्यंत नेणारा कोणी आमच्या कथापुराणांतून सहसा भेटत नाहीं.

अर्वाचीन पशुवैद्यकाचाही जन्म असाच व्यवहाराच्या पोटीं झाला. जगांतील पहिलें पशुवैद्यक विद्यालय फ्रान्सांत ल्योन शहरीं १७६२ सालीं उघडलें, त्यामागें गुरांच्या सांथींनीं उडविलेला हाहाकार होता. आमच्याकडे मुंबईस परळ येथील विद्यालय १८८६ सालीं सुरू झालें. हिमालयांतील मुक्तेश्वर येथें लसी तयार करण्याची मोठी प्रयोगशाळा उभी राहिली. ज्या बुळकांडीनें एकेका सालीं गांवेंच्या गांवें बैलांवांचून ओसाड केलीं, ती २०११ सालीं साऱ्या पृथ्वीवरून नाहींशी झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. देवीनंतर मनुष्यानें समूळ उपटून काढलेला हा दुसराच रोग. विदर्भापुरतें बोलावयाचें तर नागपूरचें पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ सालचें आहे, आणि २००० सालीं स्थापन झालेल्या पशुविज्ञानाच्या विद्यापीठाचें मुख्य ठाणेंही नागपुरासच आहे. तेव्हां शास्त्र आहे, विद्यालयें आहेत, दरवर्षीं पदवी घेऊन बाहेर पडणारे तरुणही आहेत. उणीव आहे ती शेवटच्या पंधरावीस कोसांची, आणि त्यांतही रात्रीच्या कोसांची.

आमचा जिल्हा म्हणजे सोळा तालुके आणि साडेतेरा हजारांहून अधिक चौरस किलोमीटर मुलूख. वणीपासून उमरखेडापर्यंत पसरलेल्या ह्या प्रदेशांत कापूस, तूर व सोयाबीन पिकतें, आणि मधून मधून सागाचें रान लागतें. सरकारी दवाखाने आहेत. 'श्रेणी १' आणि 'श्रेणी २' अशी त्यांची विभागणी पुष्कळ वर्षें चालत आली. पहिल्यांत पदवीधर डॉक्टर, दुसऱ्यांत पर्यवेक्षक. राष्ट्रीय कृषि आयोगानें १९७६ सालीं अशी शिफारस केली होती कीं, दर पांच हजार गुरांमागें एक पशुवैद्य असावा. ही शिफारस दिवसाच्या हिशेबाची आहे, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. तो एकटा डॉक्टर सकाळीं लसी टोंचतो, कृत्रिम रेतन करतो, वाघानें मारलेल्या गाईचा पंचनामा करण्यास हजर राहतो, दुपारीं कागद भरतो, आणि संध्याकाळीं तोही आपल्या मुलाबाळांत जातो. त्यानें रात्रींही जागें राहावें असें म्हणणें म्हणजे एका माणसाकडून दोन माणसांची अपेक्षा करणें होय. म्हणून पुढें जें आम्ही सांगणार आहों तें कोणाही डॉक्टराची तक्रार म्हणून कोणीं वाचूं नये.

दोन वर्षांपूर्वींची भाद्रपदांतील गोष्ट. त्या दिवसांत आमच्याकडे कपाशीवर फवारणीची एकच घाई चाललेली असते. ह्या फवारणीचें भय काय आहे तें यवतमाळकरांस नव्यानें सांगावयास नको. २०१७ सालच्या त्याच हंगामांत जिल्ह्यांतील सुमारें वीस शेतकरी व मजूर विषबाधेनें मरण पावले आणि शेंकडों लोकांस रुग्णालयांत घालावें लागलें. माणसांच्या त्या मृत्यूंची नोंद झाली. त्याच वावरांतील त्याच डबक्यांचें पाणी प्यालेल्या मुक्या जनावरांची गणति कोणीं केली असल्यास ती आमच्या वाचनांत नाहीं.

आमचा मोती हा गांवठी कुत्रा. जात विचारूं नये, स्वभाव विचारावा. संध्याकाळीं तो शेजारच्या वावरांतून आला तो लडखडत. तोंडाला लाळेच्या तारा लागल्या होत्या, अंगावरची कातडी ठिकठिकाणीं आपोआप उडत होती, आणि डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीच्या डोक्याएवढ्या बारीक झाल्या होत्या. मजुरांनीं जेथें फवारणीचे पंप धुतले तेथील पाणी तो प्याला होता आणि त्याच चिखलांत लोळलाही होता. आमच्या घरांत एकदम रडारड झाली. कोणी म्हणे ताक पाजा, कोणी म्हणे मीठ पाजून ओकवा. सरकारी दवाखाना केव्हांच बंद झालेला. पशूंसाठीं १९६२ हा सरकारी फोन-क्रमांक आहे, परंतु त्या वेळीं तेथून आम्हांस कोणी मिळालें नाहीं. नागपूर आमच्यापासून दीडशें किलोमीटर, अमरावती त्याहून जवळ खरी, पण मोतीचा श्वास पाहतां दोन्ही सारखींच दूर होतीं.

शेवटीं आमच्या मेहुण्यास एका निवृत्त पशुवैद्याची आठवण झाली. तालुक्याच्या गांवीं ते राहत होते. फोनवर त्यांनीं आमचें वर्णन पुरतें ऐकूनही घेतलें नाहीं. 'बाटली घेऊन या,' ते म्हणाले, 'कुत्र्याआधीं बाटली.' मग क्रमानें सांगितलें: हातांत पिशव्या घाला, साबण लावून अंग भरपूर पाण्यानें धुवा, त्याला अंग चाटूं देऊं नका, तोंडानें कांहीं पाजूं नका, ओकवूं नका, आणि निघा. शेजाऱ्यांची जीप होती. रस्ता टिपेश्वराच्या रानाकडचा. २०१८ सालीं ती नरभक्षक ठरलेली वाघीण मारली जाईपर्यंत ह्या भागांत दिवस मावळल्यावर माणूस घराबाहेर पडत नसे. आम्ही पाऊण तासांत पोंचलों.

डॉक्टरांनीं बाटलीवरचें नांव कंदिलासारखा मोबाइल धरून वाचलें आणि मान हलविली. तें विष कोणतें व त्याचें काम कसें चालतें हें त्यांनीं सुई भरतां भरतां सांगितलें. मज्जातंतूनें स्नायूला निरोप दिला कीं तो निरोप पुसून टाकणारा एक रस शरीरांत असतो. हें विष त्या रसालाच निकामी करतें. मग निरोप पुसलाच जात नाहीं. लाळ थांबत नाहीं, स्नायूंचें उडणें थांबत नाहीं, आणि शेवटीं छाती पाण्यानें भरून श्वास थांबतो. त्यावर उतारा ॲट्रोपिनचा. माणसाला जो देतात तोच, केवळ माप निराळें. यवतमाळच्या मोठ्या रुग्णालयांत २०१७ सालीं माणसांस वांचविण्यासाठीं हेंच औषध रात्रंदिवस वापरावें लागलें होतें. पहिल्या सुईनंतर कांहीं झालें नाहीं. दुसरीनंतर लाळ कमी झाली. पहांटे चारच्या सुमारास मोतीनें डोकें उचलून आमच्याकडे पाहिलें, आणि आमच्या घरांतील मंडळी, ज्यांत आमची ऐंशी वर्षांची आईही होती, एकदम बोलूं लागली. डॉक्टरांनीं पैसे घेतले ते औषधापुरते.

येथें ही गोष्ट संपली असती तर ती सांगण्याचें प्रयोजन नव्हतें. कुत्रा वांचला, घर आनंदलें. असल्या गोष्टी ज्याच्या त्याच्या घरीं घडतात. परंतु महिन्याभरांतच आमच्या शेजारीं दुसरा प्रसंग घडला. आश्विनांत सोयाबीनचें खळें चाललेलें होतें. आमच्या आळींतील एका शेतकऱ्याचा बैल रात्रीं दावें तोडून राशींत शिरला आणि पोटभर दाणे खाऊन बसला. दहा वाजतां तो हांक मारावयास आला: 'भाऊ, बैल फुगला जी!' आम्ही जाऊन पाहतों तों डावी कूस नगाऱ्यासारखी ताणलेली. टिचकी मारली तर तसाच आवाज येई. बैल मान लांब करून तोंडानें श्वास घेत होता. त्याचा जोडीदार शेजारीं उभा राहून एकसारखा त्याच्याकडे पाहत होता.

आम्हीं त्याच डॉक्टरांस फोन केला. ते त्या दिवशीं नागपुरास मुलीकडे होते. त्यांनीं सांगितलें, पुढचे पाय उंचवट्यावर घ्या, तोंडांत आडवी काठी द्या म्हणजे तो चघळील व वारा सरेल, आणि तेल ओतूं नका, फुप्फुसांत जाईल. तें सर्व केलें. ह्यापुढचें काम हाताचें होतें: पोटांत नळी घालून वारा मोकळा करावयाचा, तेवढ्यानें न भागल्यास डाव्या कुशींत पोकळ सुई मारावयाची. शिकलेल्या हाताला त्यास फार वेळ लागत नाहीं. परंतु तो हात तेथें नव्हता. सरकारी डॉक्टरांचा फोन लागेना. त्यांच्याकडे त्या वेळीं दोन दवाखान्यांचा भार होता, हें मागाहून कळलें. जीप होती, तीच जीप, तोच चालक. पण चारशें किलोंचा बैल जीपमध्यें घालतां येत नाहीं, आणि जो नीट उभाही राहूं शकत नाहीं त्याला टेंपोंत चढवितां येत नाहीं. साडेतीनाच्या सुमारास बैल गेला.

सकाळीं तो शेतकरी उरलेल्या बैलापुढें चारा टाकीत होता. आम्ही कांहीं बोलणार, तोंच तो म्हणाला, 'एका बैलानं औत चालत नाही, भाऊ.' ह्या वाक्यांत शोक होता कीं हिशेब होता, हें आम्हांस अद्यापि ठरवितां आलेलें नाहीं. बहुधा शेतकऱ्याच्या घरीं हीं दोन निराळीं नसावींत.

त्या दोन रात्रींचा विचार आमच्या मनांतून जात नाहीं. सरकारनें दवाखाने काढले ते बैलासाठीं, कुत्र्यासाठीं नव्हे. असें असून कुत्रा वांचला आणि बैल मेला. ह्याचें कारण कुत्र्याला कवळ्यांत उचलून डॉक्टराकडे नेतां येतें. बैलाचें तसें नाहीं. डॉक्टरालाच बैलाकडे आलें पाहिजे. शिवाय आमच्यापाशीं फोनांत चार नांवें होतीं, शेजारीं जीप होती, आणि मेहुण्याच्या स्मरणांत एक निवृत्त डॉक्टर होता. रात्रींचा वैद्य अशा रीतीनें ओळखीवर मिळतो. आणि जी गोष्ट ओळखीवर मिळते ती ज्याला सर्वांत अधिक गरज असते त्यालाच मिळत नाहीं.

कोणी म्हणेल कीं, जेथें माणसांनाच रात्रीं डॉक्टर मिळत नाहीं, जो जिल्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें देशाला ठाऊक झाला, तेथें कुत्र्याबैलांच्या डॉक्टराची कैफियत मांडणें हा पोटभरल्यांचा षोक होय. हा आक्षेप हलका नाहीं. परंतु ज्याचा बैल पहांटे मेला त्याला दुसरा बैल घेण्यासाठीं सकाळीं कोणाच्या दारीं जावें लागतें, हें आक्षेपकांनीं स्वतःस विचारावें. माणसाचें दुःख आणि जनावराचें दुःख अशा दोन वेगळ्या वह्या खेड्यांत नसतात; एकींतील रक्कम दुसरींत चढत असते. आणि कुत्र्याविषयीं म्हणाल तर, ज्याला आपण भाकर घालून दाराशीं बांधलें, त्याच्या वेदनेची जबाबदारी आपण त्याच दिवशीं पत्करली. दया हा षोक असेल. पत्करलेली जबाबदारी हा षोक नव्हे.

उपाय अगदींच दुर्घट आहे असें नाहीं. इंग्लंडांत पशुवैद्यांच्या नियामक मंडळाचा असा दंडक आहे कीं, व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक पशुवैद्यानें चोवीस तास तातडीचा प्रथमोपचार व वेदनाशमन ह्यांची तजवीज केली पाहिजे; स्वतःस शक्य नसेल तर दुसऱ्याशीं ठरवून केली पाहिजे. आमच्याकडे एकेका तालुक्यांत सरकारी, खासगी व निवृत्त मिळून जे चारदोन डॉक्टर असतील, त्यांनीं रात्रींच्या पाळ्या वांटून घ्याव्यात, त्या रात्रींचें मानधन सरकारनें द्यावें, आणि आज कोणाची पाळी आहे हें ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावें, इतकें तरी सहज होण्यासारखें आहे. केंद्र सरकारच्या योजनेंत एक लाख जनावरांमागें एक फिरतें पथक ठरलेलें आहे. लाखांचा आंकडा कागदावर शोभतो. पण पोट फुगलेल्या बैलाजवळ तासा-दोन तासांचाच अवकाश असतो, आणि त्या अवकाशांत तें पथक रात्रीं किती गांवीं पोंचूं शकेल, हा हिशेब करूनच गाड्यांची संख्या ठरली पाहिजे.

हें होईल तेव्हां होवो. घरांतील माणसांस आजच करण्यासारखें पुष्कळ आहे. जनावर बरें असतांनाच त्याला एकदां डॉक्टराकडे न्यावें. ओळख दोघांचीही होते. वर्षाची रेबीजची लस टोंचून घ्यावी, कारण ह्या रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर जनावराला किंवा माणसाला वांचविणें जवळजवळ अशक्यच आहे. जवळचा डॉक्टर, त्याच्या नंतरचा डॉक्टर, १९६२ हा क्रमांक व आपल्या तालुक्यांत तें पथक कोणत्या वेळांत येतें ती माहिती, आणि रात्रीं गाडी देणाऱ्याचें नांव, एवढें कागदावर लिहून पंचांगाशेजारीं भिंतीवर लावावें. माणसांच्या गोळ्या जनावरांस देऊं नयेत. तापावरची साधी पॅरासिटॅमॉल मांजराचा प्राण घेते. विष पोटांत गेलें तर डॉक्टरास विचारल्यावांचून ओकवूं नये. रॉकेल किंवा दाहक द्रव्य असेल तर ओकविल्यानें दुसरा घात होतो. साप चावला तर जखम कापूं नये, चोखूं नये, आवळून बांधूं नये. जनावराला चालूं न देतां उचलून न्यावें. कितीही माया असली तरी वेदनेंतील कुत्रा धन्यालाही चावतो. म्हणून त्याला फळीवर किंवा जाड घोंगडीवर घेऊन हलवावें. गांवांतील हातगुणाच्या माणसाचा मान राखावा, पण सुई त्याच्या हातीं देऊं नये. १९८४ च्या पशुवैद्यक परिषदेच्या कायद्यानें तो अधिकार नोंदलेल्या डॉक्टरास आहे, आणि तो उगीच नाहीं.

ह्यांतील एकही गोष्ट अवघड नाहीं. अवघड आहे ती एवढीच कीं, हीं सारीं कामें ज्या दिवशीं त्यांची मुळींच गरज नसते त्या दिवशीं करावयाचीं असतात. संकटाच्या रात्रीं वैद्य शोधतां येत नाहीं. शोधून ठेवलेला वैद्य फक्त बोलावतां येतो.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलांचे खांदे हळद आणि लोणी लावून शेकतात, आणि उद्यां जेवावयास या असें त्यांना रीतसर आवतण देतात. पाहुण्याला बोलवावें तसें स्वतःच्या गोठ्यांतील जनावराला बोलावण्याची ही चाल आम्हांस फार गोड वाटते. कामकऱ्याच्या श्रमांचा इतका सुसंस्कृत गौरव आम्हीं दुसरीकडे फारसा पाहिला नाहीं. ज्या लोकांस बैलाला जेवणाचें आवतण देणें सुचलें, त्यांना त्याच दिवशीं त्याच्या वैद्याच्या घरीं जाऊन, नारळ देऊन, वर्षभराच्या अवेळींचें आवतण देऊन ठेवणें सुचणार नाहीं, असें आम्हांस वाटत नाहीं.